मारोतभाऊजींची ट्रायल

पवनीकडून येणाऱ्या सकाळच्या एसटीचा कंडक्टर आमच्या गावचा नाही, पण गावातली सगळी सोयरीक त्याला तोंडपाठ आहे. त्या दिवशी मी शाळेत जायला थांब्यावर उभा होतो. गाडी पुरती थांबायच्या आत तो दारातून वाकून म्हणाला, "मास्तर, तुमचे जवाई गेले जी. पहाटेच गेले." आमच्या घराला जावई एकच. मारोतभाऊजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी गाडीत चढलो नाही. गाडी निघून गेली आणि मी धूळ खात तिथेच उभा राहिलो. खरं सांगतो, मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं, चीड होती. या माणसाने आयुष्यात एक काम सरळ, वेळेवर, पुरं करून हातात दिलं असेल तर शपथ! तीन-चार आठवड्यांपूर्वीच ते आमच्याकडे येऊन माझ्या नव्या कोटाचं माप घेऊन गेले होते. जायच्या आधी म्हणाले होते, "या खेपेला ट्रायल लागन." मी भडकलो होतो. आता कोटही राहिला, ट्रायलही राहिली, आणि भांडायला माणूसही राहिला नाही... रडू आलं ते नंतर, डोंग्यात बसून नदी पार करताना.

मारोतभाऊजी फिरते टेलर होते. खरं तर त्यांच्या घरी धानाची शेती, भाऊ सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, राबणारे. पण यांचं चिखलात मन लागलं नाही. तरुणपणी नागपूरला जाऊन एका मोठ्या टेलरकडे काही वर्षं हात बसवला आणि परत येऊन घरीच मशीन मांडली. दुकान टाकलं नाही. सायकलच्या मागे कापडी पिशवी, पिशवीत कैची, खडू, कापडांच्या नमुन्यांची पुडकी, आणि गळ्यात टेप. असे गावोगाव फिरायचे. कोंढा, आसगाव, नदीच्या अलीकडची-पलीकडची खेडी. धान निघालं, लोकांच्या हातात चार पैसे आले की यांची फेरी सुरू. कोणाच्या तरी सपरीत, म्हणजे घरापुढच्या छपरात, बैठक मारायची, मापं घ्यायची, कापड घरी न्यायचं आणि पुढच्या फेरीला शिवून आणायचं. टेरिकॉटचे शर्ट, बेलबॉटम, पुढे सफारी, आणि ज्यांच्या घरी लग्न त्यांच्यासाठी कोट. तालुक्याच्या दुकानात जायचा एक दिवस वाचायचा आणि शिलाई अंगणात यायची, म्हणून लोक यांची वाट बघायचे.

दुसऱ्या गावांचं मला तेव्हा माहीत नव्हतं. आमच्या गावात मात्र हा माणूस म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार होता. कारण ते आमच्या घरचे जावई, आणि आमच्याकडे एका घरचा जावई तो सगळ्या गावचा जावई. त्याचे पाय धुवायचे, पाट मांडायचा, पहिली वाढ त्याला. त्याने शिवलेल्या शर्टाची एक बाही आखूड निघाली तरी "छान बसला जी जवाईबापू" असंच म्हणायचं. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. आमच्या या ग्रहाच्या हातात कैचीही होती.

आणि त्यांची ती ट्रायल! ज्यांनी शिंप्याकडे कोट शिवला असेल त्यांना ठाऊक असतं. कापड कापून आधी पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके घालतात, अंगावर चढवून बघतात, खडूने खुणा करतात, मग मशीनवर पक्की शिलाई मारून ते पांढरे दोरे उपसून काढतात. शहरात हे काम चार दिवसांत होतं. आमचे जावई नदीपलीकडे राहणार, सायकलवर येणार. माप घ्यायला एक फेरी, ट्रायलला दुसरी, "जरा कसर आहे" म्हणून तिसरी, आणि चौथ्या फेरीत नशीब असेल तर कपडा हातात. तोवर ज्याच्यासाठी शिवला त्याची हौस फिटलेली. बरं, कोटाला ट्रायल समजू शकतो. हे शर्टाला ट्रायल घ्यायचे. पायजम्याला घ्यायचे. माझ्या बाबांना बिनबाह्यांची बंडी शिवली, शेतात घालायची, तर तिलाही ट्रायल! गावचे लोक माझ्याजवळ येऊन कुजबुजायचे, कारण त्यांना जावयाला बोलता येत नव्हतं आणि मी मेहुणा, मला थट्टेचा हक्क होता. "बंडीची कायची ट्रायल असते गा? तुह्या भाऊजीले विचार ना." मी विचारायचो. भाऊजी मान वाकडी करून खडू घासत राहायचे. "अंगावर पाह्यल्याशिवाय मी पक्की मारत नाई," एवढंच. पुढे धरणासाठी घरं मोजायला सरकारी माणसं गावात आली, तीही एका दिवसात अख्खं गाव मोजून गेली. आमच्या पारावर तेव्हा एकच वाक्य चाललं होतं, "जवाईबापूंनी मोजलं असतं तर धरण पुढच्या पिढीत झालं असतं."

सुरुवातीला ते असे नव्हते, हे मला चांगलं आठवतं. ताईचं लग्न झालं त्या वर्षी त्यांनी बाबांना कोट शिवला होता. एका फेरीत माप, दुसऱ्या फेरीत कोट, आणि तो असा बसला की बाबा आरशासमोरून हलेनात. मग दुसऱ्या वर्षापासून माणूस ढिला पडला. मी आपला अर्थ लावला होता: नवा जावई म्हणून पहिल्या वर्षी जीव ओतला, आता सासुरवाडी हातची झाली, आता कोणाला दाखवायचंय? या अर्थावर मी इतकी वर्षं काढली, हे आज लिहितानाही माझं डोकं फिरतं.

त्याच दुसऱ्या वर्षी आमच्या आईला लकवा झाला. उजवी बाजू पूर्ण गेली, वाचाही गेली. तोंडातून काही आवाज यायचे, ते फक्त ताईला कळायचे, आणि ताई होती नदीपलीकडे. तिची सासू, जिला ते घर आणि पुढे आम्हीही माय म्हणायचो, बाई मोठ्या खटल्याची आणि करड्या शिस्तीची. सुनेला माहेर वर्षातून एकदा, दिवाळीला. माहेरचा वारा लागला की सून बिघडते, असं तिचं पक्कं मत. आई आजारी पडली तेव्हा ताई दोन दिवस आली आणि परत नेली गेली. बाबा एकदा स्वतः जाऊन विनवून आले. मायने त्यांना ताटभर जेवू घातलं आणि सांगितलं, "धानाचे दिवस आहेत जी. मंग पाहू." तो 'मंग' काही यायचा नाही. आई खाटेवर पडून दाराकडे बघत असायची. घरात मी, बाबा आणि एक विधवा आत्या. आईचे केस विंचरायला आत्या बसली की आई मान फिरवायची.

मात्र भाऊजी शिलाईच्या फेरीला आमच्या गावी येत, तेव्हा ताई सायकलच्या मागे बसून सोबत येई. त्यांची तऱ्हाच तशी होती. "बायांच्या पोलक्याची मापं मी घेत नाई. बाईच घेईन," असं त्यांनी आमच्या गावात जाहीर करून टाकलं होतं. मग भाऊजी बाहेर सपरीत पुरुषांना उभे करून मापत आणि ताई आत, आईच्या खाटेजवळ, गावातल्या बायांची मापं घेई. टेपचं एक टोक आईच्या चालत्या डाव्या हातात देई. "धर वं आई, सोडू नको." आई ते टोक मुठीत आवळून धरायची. बाया हसायच्या, बोलायच्या, आईला चार बातम्या कळायच्या. मापं झाली की ताई तिला न्हाऊ घाली, केस विंचरी, आणि आई एकदाही मान फिरवत नसे. एक मुक्काम, कधी दोन. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होतो. पण माझं लक्ष कशावर? माझ्या अर्धवट शर्टावर! मी शाळेत नवा लागलेला, हेडमास्तर टापटिपीचे, आणि माझा एकुलता एक बरा शर्ट दिवाळीपासून होळीपर्यंत नदीच्या पलीकडे पांढऱ्या टाक्यांत अडकलेला.

बाबाही तसलेच. जावयासमोर बोलायचे नाहीत, पण ट्रायलला उभे राहिले की खांदा वर-खाली करून बघायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "खांदा ओढते जी." झालं! भाऊजी खडूने रेघ मारणार, टाके उसवणार, "बरं, पुढच्या खेपेला" म्हणणार. मी दात-ओठ खायचो. एकाला पुरं करायचं नाही, दुसऱ्याला समाधान नाही. अशी ती बंडी चार वेळा नदी ओलांडून आली-गेली. गुरं-ढोरंही इतक्यांदा डोंग्यात बसली नसतील.

या सगळ्यावर कळस म्हणजे माझं लग्न. कोटाचं कापड मी मुद्दाम सहा महिने आधी दिलं. काळपट निळं, लोकरी मिश्रण, हाताला मऊ. भाऊजींना हात जोडून सांगितलं, "भाऊजी, एवढा एक कोट वेळेवर द्या. मंग जन्मभर काही मागणार नाई." ते म्हणाले, "तुहा कोट मी झकास करतो गा." पहिली ट्रायल झाली. दुसरी झाली. तिसरीला बाबा मध्येच म्हणाले, "पोराचाही खांदा ओढते वाटते." ओढत नव्हता! मी ओरडून सांगत होतो, ओढत नाही म्हणून. ऐकतो कोण? लग्नाच्या आदल्या दिवशी ताई-भाऊजी आले. घडी उलगडली तर कोट तसाच, खांद्यावरून, बाह्यांवरून, छातीवरून लांब पांढरे टाके. मी डोक्याला हात लावला. भाऊजी शांतपणे म्हणाले, "एवढं कायले करतेस? घाल ना. लग्न झालं की मी पक्का करून देतो."

दुसरा कोट कुठून आणणार? मी तोच घातला. मंडपात, अंतरपाटापलीकडे माझी होणारी बायको, अलीकडे मी, आणि माझ्या खांद्यावर पांढऱ्या दोऱ्यांची रांगोळी. पवनीहून फोटोग्राफर आणला होता. त्या काळ्या-पांढऱ्या फोटोत माझं तोंड ओळखू येत नाही, पण टाके एकेक मोजून घ्यावेत असे उमटलेत. सासरच्या एका म्हाताऱ्याने कौतुकाने विचारलं, "ही नवीन फॅशन आहे का जी?" गावच्या लोकांनी माना खाली घातल्या. जावयाचं काम, बोलायचं कोणी? माझ्या बायकोने तो फोटो आजवर भिंतीला लावू दिलेला नाही.

लग्नानंतर पंधरवड्याने भाऊजी कोट पक्का करायला म्हणून आले, ताईला घेऊन. माझ्या मनातून तो कोट केव्हाच उतरला होता. मी त्यांच्याशी धड बोललोही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आईला घास भरवता भरवता ताईने हाक मारली. आम्ही आत धावलो. आईचं डोकं ताईच्या मांडीवर होतं आणि डावा हात ताईच्या पदरात गुंतला होता. गेली होती... इतकी वर्षं जिची वाट बघितली तिच्या मांडीवर गेली. बाया म्हणाल्या, नशीबवान, लेक जवळ होती. मीही तेच म्हणालो, नशीब. त्या दिवसांत भाऊजी सपरीत एका कोपऱ्यात बसून त्या कोटाला हातशिलाई करत असायचे. एकेक पांढरा दोरा उपसून मुठीत गोळा करत. मला ते बघवत नव्हतं. घरात सुतक, आणि या माणसाला आता कोट सुचतोय! पुढे तो कोट मी घातला नाही असं नाही. तो बसायचा उत्तम. त्याचाच तर राग यायचा.

त्यानंतर एक चमत्कार झाला. आमच्या गावातली ट्रायल बंद झाली. एका फेरीत माप, दुसऱ्या फेरीत तयार कपडा, घातला की अंगासरसा. बाबांनीही खांद्याची तक्रार सोडली. लोक म्हणाले, "जवाई सुधारले. हात बसला आता." मीही म्हणालो, देर आये दुरुस्त आये. ताई मात्र पुन्हा फक्त दिवाळीला येऊ लागली. पुढे बाबाही गेले. माय म्हणू लागली, "आता माहेरात कोण आहे तुहं? भाऊ-भावजय आपल्या संसारात." मग ती दिवाळीही कधी व्हायची, कधी नाही. माय स्वतः थकली होती, डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं, तिला ताईशिवाय पान हलत नव्हतं. इकडे आमच्या गावावर धरणाचं सावट आलं. गाव बुडणार, सगळ्यांना उठून दुसरीकडे जावं लागणार, हे ठरलं. मोजणीवाल्यांनी प्रत्येक घराच्या भिंतीवर चुन्याने आकडे टाकले. आमच्या सपरीच्या भिंतीवरही टाकले.

भाऊजींची शेवटची भेट झाली ती त्या आकड्यांखालीच. मी नुकताच हेडमास्तर झालो होतो आणि बायकोच्या आग्रहाने कोटाचं कापड आणलं होतं. ते एकटे आले. दाढी पिकलेली, छातीचा भाता थोडा वाजत होता. माप घेताना हात मात्र तोच. "पाठ ताठ ठेव. श्वास सोड." टेप गुंडाळून ते घरभर एक चक्कर मारून आले. आत, जिथे आईची खाट असायची तिथे जरा थांबले. बाहेर येऊन त्यांनी चुन्याचा आकडा बोटाने पुसतो का बघितलं, आणि म्हणाले, "या खेपेला ट्रायल लागन. तुह्या ताईलेही आणतो."

माझा जुना सगळा राग उसळून आला. "आता कायची ट्रायल, भाऊजी? इतकी वर्षं बिनट्रायलचे कपडे घालून राहिलो ना आम्ही? माझं माप तुम्हाला झोपेत माहीत आहे."

"वय झालं गा. अंदाज चुकते आता."

"मंग मी पवनीतून तयार कोट आणतो. आजकाल मिळतात."

ते मनापासून हसले. "आण ना. पण ट्रायल लागन." आणि सायकलवर टांग टाकली. तेच त्यांचं शेवटचं वाक्य...

तेरवीला ताईच्या गावी गर्दी झाली. मांडवात मी आसगावच्या एका वयस्क गृहस्थांशेजारी बसलो होतो. किसनजी म्हणून. त्यांच्या अंगातला करडा कोट भाऊजींच्याच हातचा, कॉलरच्या बैठकीवरून मी ओळखला. बोलायला विषय हवा म्हणून मी म्हणालो, "कोट चांगला आहे. किती ट्रायल्या झाल्या?"

"ट्रायल?" ते पूर्ण माझ्याकडे वळले. "कायची ट्रायल जी? मारोतराव एका खेपेत माप नेत, दुसऱ्या खेपेत कपडा देत. इतकी वर्षं झाली, सुईचं टोकही पुन्हा लावलं नाई."

"तरुणपणी? म्हणजे माझ्या लग्नाच्या आसपास?"

"तवाही तसंच."

पलीकडे कोंढ्याचे दोघे बसले होते. त्यांनीही मान डोलावली. पोलक्यांचं विचारलं, तर म्हणाले, बाया मापाचं जुनं पोलकं देत, त्यावरून शिवून आणत. त्यांची बायको सोबत यायची का? नाही, त्यांच्या बायकोला आम्ही आजच पाहिलं. माझ्या हातातला द्रोण तसाच राहिला. सगळ्या तालुक्यात ट्रायल फक्त आमच्या गावाला होती.

जेवणं उरकल्यावर मी ताईला गाठलं. ती मशीनच्या खोलीत जमिनीवर बसली होती. मी दारातूनच विचारलं, "ताई, भाऊजी आमच्याच गावात ट्रायल काहून घेत होते?"

तिने जमिनीवर पडलेला एक पांढरा दोरा उचलून बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "आईले लकवा झाला तवा मी रोज रडत होती. माय पाठवे ना. हे म्हणाले, मायसंगं भांडणं मले जमत नाई. पण कामाले जातो म्हटलं त माय कधी नाई म्हणत नाई. तवापासून पोलक्याची मापं माह्याकडं आली, अन् ट्रायल निंघाली."

"अन् माझ्या लग्नातला कोट?"

"थो तर आधीच झाला होता. पक्का झाला होता. आदल्या हप्त्यात ह्यायनं शिलाई उसवली अन् कच्चे टाके घातले. लगन झाल्यावर पुन्हा यायले काही तरी पायजे होतं ना रे. आईची तब्येत पाह्यली होती ना तू."

मी दारातून आत आलो. पक्का कोट उसवला! माझ्या लग्नात! "अन् बाबा? बाबाले माहीत होतं?"

"कोणी सांगितलं नाई त्यायले. पण दुसऱ्या ट्रायलीलेच म्हणाले, खांदा ओढते." ताई एवढ्या दिवसांत पहिल्यांदा किंचित हसली. "बंडीचा खांदा कधी ओढते का रे, श्रावण?"

"मग मला एकट्यालाच काहून नाई सांगितलं?"

"तुह्या पोटात काही राह्यते का? तू शाळेत सांगतलं असतं, शाळेतून गोष्ट डोंग्यावर गेली असती, अन् डोंग्यावरून मायच्या कानात."

हे ऐकून माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो अजून शमलेला नाही. मारोतभाऊजी, तुम्ही थोर होता, मान्य. पण ही काय रीत झाली? आपल्या हुन्नराला आपणच बट्टा लावून घ्यायचा, सासुरवाडीत 'ढिला टेलर' म्हणून हसं करून घ्यायचं, पोराटोरांनी नकला केल्या तरी खडू घासत बसायचं, आणि मायसमोर एकदा उभं राहून "सुनेला पाठव" हे एक वाक्य बोलायचं नाही! तुम्ही दोघे, तुम्ही आणि बाबा, खांद्याच्या नावाखाली वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत राहिलात आणि मी मध्ये गाढवासारखा उभा. मी तुम्हाला किती बोललो. एकदा तरी उलटून बोलायचं होतं. आता भांडू कोणाशी? ऋण मानायचं तर तेही कोणापुढे मानू? तुम्ही तर हसत सायकलवर टांग टाकून निघून गेलात.

मशीनच्या वर खुंटीला माझा नवा कोट लटकत होता. पांढरे टाके घातलेला. मी तो काढून हातात घेतला तेव्हा मला त्यांची शेवटची ट्रायल कळली. आई नव्हती, बाबा नव्हते, पण घर अजून उभं होतं, आणि ते बुडायच्या आत त्यांना ताईला तिथे एकदा न्यायचं होतं.

आमच्याकडे तेरवीनंतर लेकीला चार दिवस माहेरी न्यायची रीत आहे. ती मायच्या लेखी या वेळी मोडीत निघाली होती, कारण तिचं करणार कोण? ताईने पिशवी भरली तेव्हा माय दाराशी चाचपडत आली. "काहून जाऊन राहिली वं? मले कोण पाहीन?"

मी तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली. "कोटाची ट्रायल बाकी आहे, माय. ह्यायनं कबूल केली होती."

म्हातारीचे न दिसणारे डोळे मशीनच्या खोलीकडे वळले. "असं का..." ती म्हणाली. "कामाचं आहे त जा बापा. पण लवकर ये."

परवा सकाळी ताईने मला आमच्या सपरीत उभं केलं, चुन्याच्या आकड्यापाशी. भाऊजींचा टेप तिच्या गळ्यात होता, खडूही त्यांचाच, एका कडेने झिजलेला. घरात शिरल्यापासून ती खोल्या-खोल्यांतून हिंडत होती. आईच्या जागेवर बरीच बसली होती. आता तिने मला कोट चढवला, मागून दोन्ही हातांनी पाठीवर सारखा केला. "पाठ ताठ ठेव. श्वास सोड." कोट असा बसला होता की खडूला कुठे टेकायलाही जागा नव्हती. तिने बाह्या पाहिल्या, कॉलर पाहिली, गळ्याचा टेप उगाच सारखा केला.

"बरोबर आहे सगळं," ती हळूच म्हणाली. "ह्यायचा अंदाज कुठी चुकला? काढ, पक्का करून देईन उद्या."

मी खांदा एकदा वर केला, एकदा खाली केला आणि तोंड वाकडं केलं.

"खांदा ओढते," मी म्हणालो.

ताईने डोळे पुसले, खांद्यावर खडूने एक रेघ मारली आणि म्हणाली, "बरं. पुढच्या खेपेला."